बोवीचे रोखे: साडेपाच कोटी डॉलर कशासाठी?

१९९७ सालच्या जानेवारीत ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी पन्नास वर्षांचा झाला. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वाढदिवसाची मोठी मैफल झाली, आणि ती बातमी शिळी होते न होते तोच त्याचं नाव अर्थविषयक पानांवर झळकलं. जुन्या गाण्यांवर पुढे जी रॉयल्टी येणार होती, तिच्या तारणावर त्याने साडेपाच कोटी डॉलरचे रोखे (बाँड, म्हणजे ठरलेल्या व्याजाने कर्ज उभारण्याचे कागद) काढले होते. व्याज ७.९ टक्के, मुदत दहा वर्षांची. सगळेच्या सगळे रोखे एकाच विमा कंपनीने उचलले. सरकारं रोखे काढतात, महापालिका काढतात, कंपन्या तर काढतातच. एका गायकाने आपल्या गाण्यांवर काढल्याचं तोवर कुणी ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून हा किस्सा सांगतात तो असा: बोवी द्रष्टा. इंटरनेट येऊन सीडीचा धंदा बसवणार हे त्याने आधीच ताडलं, आणि भाव चढे असताना गाणी विकून तो मोकळा झाला. ऐकायला झकास आहे. पण त्याने गाणी विकली नव्हती, आणि या व्यवहाराची खरी निकड भविष्यातून नव्हे, भूतकाळातून आली होती. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी केलेल्या सह्यांचा हिशोब मिटवायचा राहिला होता.

मेनमन

लंडनच्या ब्रिक्स्टन भागात जन्मलेल्या डेव्हिड जोन्सचं, म्हणजे बोवीचं, पहिलं गाजलेलं गाणं जुलै १९६९ मधलं. अपोलो ११ चंद्राकडे निघण्याच्या काही दिवस आधी अंतराळवीराबद्दलचं हे गाणं आलं आणि ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढलं. त्यानंतर दोन-अडीच वर्षं काहीच नाही. एका गाण्यापुरते चमकून गेलेले गायक तेव्हा लंडनमध्ये पैशाला पासरी होते. या काळात, १९७० मध्ये, त्याला टोनी डिफ्राइज भेटला. वकिलाच्या कचेरीत काम केलेला माणूस. संगीतापेक्षा कराराची भाषा त्याला जास्त कळायची. बोवीला आधीच्या मॅनेजरपासून त्यानेच सोडवलं, सप्टेंबर १९७१ मध्ये आरसीए या बड्या अमेरिकन कंपनीशी करार त्यानेच घडवून आणला, आणि पुढे ‘मेनमन’ नावाची कंपनी काढून बोवीचा सगळा कारभार तिच्या छत्राखाली आणला.

इथे थोडं थांबून एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गाण्यात दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक, तिचे हक्क लिहिणाऱ्याचे. स्टुडिओत झालेलं प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण ही दुसरी. त्या मूळ टेपेला धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात. रिवाज असा की रेकॉर्ड कंपनी स्टुडिओच्या खर्चाला आगाऊ पैसे देते, ते गायकाच्या रॉयल्टीतून वळते करून घेते, आणि सगळं फिटल्यावरही मास्टर कंपनीचाच राहतो. खर्च गायकाचा, मालकी कंपनीची. साठ-सत्तरच्या दशकांतल्या बहुतेक रॉक गायकांचं आयुष्य याच वाक्यात मावतं.

डिफ्राइजने हे होऊ दिलं नाही. आरसीएला बोवीचे मास्टर विकत मिळाले नाहीत, ठरावीक मुदतीच्या परवान्यावर मिळाले. आधीचे दोन अल्बम मर्क्युरी कंपनीकडे होते, त्यांचेही हक्क त्याने सोडवून आणले आणि १९७२ मध्ये आरसीएकडून ते नव्याने बाजारात आणले. त्या काळात, एकच हिट नावावर असलेल्या गायकासाठी असा करार मिळवणं सोपं नव्हतं.

आता दुसरी बाजू. मास्टर आरसीएचे नव्हते, तसे एकट्या बोवीचेही नव्हते. ते मेनमनच्या ताब्यात होते, आणि मेनमन डिफ्राइजची. बोवीची समजूत अशी की कंपनीत आपली निम्मी भागी आहे. कागदावर तसं काही नव्हतं. त्याला मिळायचं ते स्वतःच्या कमाईतलं निम्मं, आणि तेही सगळा खर्च वजा जाता. खर्च कसला, तर न्यूयॉर्कमधलं ऑफिस, गाड्या, नोकरमाणसं, मेनमनने हाताशी धरलेले इतर कलाकार. १९७२ च्या अमेरिका दौऱ्यात चाळीसहून अधिक माणसांचा ताफा बेव्हरली हिल्स हॉटेलात उतरला होता. बिलं आरसीए भरत होती, म्हणजे आज ना उद्या ती बोवीच्या खात्यावर चढणार होती. मोठा तारा व्हायचं तर आधी मोठ्या ताऱ्यासारखं राहायचं, हा डिफ्राइजचा मंत्र, आणि तो लागू पडला हेही खरं. १९७२ मध्ये बोवी मंचावर लाल केसांचा, परग्रहावरून आल्यासारखा ‘झिगी स्टारडस्ट’ म्हणून अवतरला आणि वर्षभरात ब्रिटनचा सर्वांत मोठा रॉक गायक झाला.

पैसा कुठे मुरत होता हे सगळ्यात आधी वादकांच्या लक्षात आलं. नव्याने आलेला पियानोवादक माइक गार्सन गप्पांच्या ओघात आपल्या आठवड्याच्या पगाराचा आकडा बोलून गेला. पहिल्यापासून सोबत असलेले बासवादक आणि ड्रमर ऐकून थक्क झाले. त्यांच्या पगाराच्या कित्येक पट होता तो. त्यांनी वाढ मागितली, मॅनेजरशी खटके उडाले. ३ जुलै १९७३ ला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये बोवीने भर कार्यक्रमात सांगून टाकलं की हा आपला शेवटचा प्रयोग. प्रेक्षकांबरोबर त्या दोघा वादकांनाही ते तिथेच, मंचावर, कळलं.

समझोता

आपण भागीदार नाही हे बोवीला १९७४ मध्ये उमगलं. तोवर तो अमेरिकेत होता, कोकेनच्या पूर्ण आहारी गेलेला, आणि एवढी नावाजलेली गाणी असून हातात रोकड नाही अशी त्याची गत होती. जानेवारी १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत जॉन लेनन त्याच्यासोबत होता. व्यवस्थापकांच्या फेऱ्यातून होरपळून निघालेला माणूस. बीटल्सच्या कोर्टकचेऱ्या ताज्या होत्या. मॅनेजर हा विषय दोघांच्या बोलण्यात होताच. बोवीचा गिटारवादक कार्लोस अलोमारने गिटारवर एक तुकडा बसवला होता, त्यावर प्रसिद्धी नावाच्या प्रकाराबद्दलचं एक चिडकं गाणं तयार झालं, आणि सप्टेंबर १९७५ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. बोवीचा अमेरिकेतला तो पहिला अव्वल क्रमांक.

त्याच सुमाराला डिफ्राइजशी समझोता झाला. १९७१ च्या अखेरीपासून तोवर निघालेल्या अल्बमांच्या उत्पन्नात डिफ्राइजचा निम्मा वाटा कायमचा राहणार होता. शिवाय सप्टेंबर १९८२ पर्यंत बोवी जे काही कमावेल त्यातले १६ टक्के त्याला. या मुदतीत बोवीची बर्लिनमधली वर्षं येतात. १९७७ ते १९७९ मधले ते तीन अल्बम आज समीक्षक डोक्यावर घेतात. त्यांच्याही कमाईतला सहावा-सातवा हिस्सा, ज्याला त्या संगीतातलं एक सूरही ठाऊक नव्हतं, अशा माणसाकडे जात होता. मॅनेजरवरच्या रागातून आलेलं ते गाणंही याला अपवाद नव्हतं.

१९८२ चा सप्टेंबर सरला. डिसेंबरात बोवी न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत निर्माता नाइल रॉजर्सबरोबर नवा अल्बम करायला बसला. जानेवारी १९८३ मध्ये त्याने आरसीए सोडून ईएमआय या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीशी करार केला, एप्रिलमध्ये अल्बम बाजारात आला, आणि तो त्याचा आयुष्यातला सर्वाधिक खपाचा अल्बम ठरला. योगायोग म्हणणारे म्हणोत. १९८० नंतर त्याने एकही पूर्ण अल्बम काढला नव्हता, आणि १६ टक्क्यांचं बंधन सुटल्यावर तीन महिन्यांच्या आत तो स्टुडिओत होता. मला यात नाचरं संगीत करण्याच्या हौसेइतकाच कॅलेंडरचा अभ्यासही दिसतो.

चालू कमाईवरचा वाटा संपला. जुन्या अल्बमांतली निम्मी मालकी मात्र तशीच राहिली. झिगीच्या काळातली सगळी गाणी, म्हणजे दुकानात ज्यांना वर्षानुवर्षं गिऱ्हाईक होतं नेमकी तीच, दोन नावांवर होती. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी रायकोडिस्क कंपनीला सीडीवर आणण्यासाठी ती दिली, तेव्हाही परवाना देणारे दोघे होते.

या टप्प्यावर डिफ्राइजला खलनायक ठरवणं अगदी सोपं आहे, आणि बरेच लेखक तिथेच थांबतात. पण चारचौघांसारखा भाबडा मॅनेजर असता तर मास्टर आरसीएच्या तिजोरीत गेले असते. मग परत विकत घ्यायला निम्मा हिस्सा नसता, आणि तारण ठेवायलाही काही नसतं. १९९७ चा व्यवहार शक्य झाला तो १९७१ मध्ये डिफ्राइजने करारात घातलेल्या अटींमुळे.

रोखा कसा बांधला

नव्वदच्या दशकात बोवीचे नवे अल्बम बेताचे खपत होते. जुने मात्र अखंड विकले जात होते. डिफ्राइजचा निम्मा हिस्सा विकत घ्यायला मोठी एकरकमी रक्कम हवी, तर मार्ग काय? सरळ मार्ग म्हणजे सगळे हक्क विकून टाकणं. त्याला तो तयार नव्हता. विक्रीवर कर भरावा लागला असता तो वेगळाच. कर्जाऊ घेतलेली रक्कम उत्पन्नात धरली जात नाही. त्याचा आर्थिक कारभार पाहणारा बिल झिसब्लॅट आणि डेव्हिड पुलमन नावाचा न्यूयॉर्कचा बँकर यांच्याकडून रोख्यांचा मार्ग पुढे आला. कल्पना मूळची कुणाची यावरून नंतर बरंच वाजलं, ते इथे सोडून देऊ.

कोकणात आंब्याची बाग न विकता पुढच्या काही वर्षांचा बहार व्यापाऱ्याला कराराने देतात. बाग नावावर तशीच राहते, पैसे आधी हातात येतात, आणि मोहोर करपला तर ती डोकेदुखी व्यापाऱ्याची. बोवीचा व्यवहार साधारण याच जातीचा. फरक एवढाच की इथल्या व्यापाऱ्याला ठरलेलंच मिळणार होतं, व्याज आणि मुद्दल. त्यावर जे पिकेल ते मालकाचं.

तारणात होते १९९० पूर्वीचे २५ अल्बम, २८७ गाणी. विकत घेणारी कंपनी प्रुडेन्शियल. आपल्याकडे आयसीआयसीआयच्या नावापुढे लागते ती प्रुडेन्शियल ब्रिटिश; ही न्यू जर्सीची अमेरिकन, दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. विमा कंपनीला दहा-दहा, वीस-वीस वर्षांनी पॉलिसीचे पैसे चुकवायचे असतात, त्यामुळे तिला थरारक नफा नको असतो, ठरलेल्या तारखेला येणारा ठरलेला पैसा हवा असतो. अमेरिकन सरकारचा दहा वर्षांचा रोखा तेव्हा साडेसहा टक्क्यांच्या आसपास देत होता. इथे ७.९. पूर्ण रकमेवर वर्षाचं व्याजच होतं ४३ लाख ४५ हजार डॉलर. हे रोखे खुल्या बाजारात आले नाहीत. चाहत्यांना त्यातला एक तुकडाही मिळण्याची सोय नव्हती.

मूडीज या पतमानांकन संस्थेने त्यांना ‘ए३’ हा चांगल्या भरवशाचा दर्जा दिला. रॉक गायकाच्या कर्जाला एवढी पत कशी, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विनोदाने विचारला. उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग असा की दर्जा बोवीच्या पुढच्या प्रतिभेला दिलेला नव्हता, मागच्या विक्रीला दिला होता. नवा अल्बम आपटतो की चालतो हे कुणी सांगू शकत नाही, पण पंचवीस वर्षं दर वर्षी विकल्या जाणाऱ्या तबकड्या पुढच्या वर्षीही विकल्या जातील, हा अंदाज विमावाल्यांच्या सवयीचा आहे. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आणि कमी सांगितला जाणारा: त्याच सुमाराला ईएमआयने जुन्या अल्बमांचं वितरण १५ वर्षांसाठी घेतलं आणि सुमारे तीन कोटी डॉलरची हमी दिली. म्हणजे प्रुडेन्शियलने विश्वास ठेवला तो निम्मा बोवीवर, निम्मा ईएमआयवर.

आलेल्या पैशांतून बोवीने डिफ्राइजचा हिस्सा विकत घेतला. कंपन्या ताब्यात घेणारे लोक करतात तीच ही चाल: जे विकत घ्यायचं त्याच्याच कमाईवर कर्ज काढायचं. ज्या गाण्यांतली निम्मी मालकी सोडवायची होती त्याच गाण्यांनी पुढची दहा वर्षं त्या सोडवणुकीचे हप्ते भरले.

पुलमनने मग असेच रोखे इतरांसाठीही काढले. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांमागचं हॉलंड-डोझियर-हॉलंड हे त्रिकूट, १९९९ मध्ये गायक जेम्स ब्राउन. पण लाट काही आली नाही. तारण ठेवायला आधी मालकी लागते, आणि बोवीइतके प्रसिद्ध असूनही स्वतःच्या मास्टरांवर हक्क असलेले गायक बोटावर मोजण्याइतके होते.

नॅपस्टरनंतर

जून १९९९ मध्ये नॅपस्टर आलं, इंटरनेटवरून एकमेकांची गाणी फुकटात उतरवून घेण्याची सोय. तोवर अमेरिकेत रेकॉर्डेड संगीताचा धंदा चढताच होता. त्या वर्षानंतर पुढची अनेक वर्षं तो एकंदरीत उतरत गेला. मार्च २००४ मध्ये मूडीजने बोवीच्या रोख्यांचा दर्जा ‘ए३’ वरून थेट ‘बीएए३’ वर आणला. तीन पायऱ्या खाली. आणखी एक उतरली असती तर ते ‘कचरा’ (जंक), म्हणजे पैसे बुडण्याचा मोठा धोका असलेले रोखे, गणले गेले असते. कारणं दोन दिली गेली: रेकॉर्डांचं उत्पन्न अपेक्षेपेक्षा कमी, आणि हमी देणाऱ्या कंपनीचीच पत घसरलेली. तीन महिन्यांनी, जून २००४ मध्ये, जर्मनीतल्या एका महोत्सवात गाऊन उतरल्यावर बोवीची तब्येत बिघडली, हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि त्याचे दौरे कायमचे थांबले. रोख्यांवर याचा परिणाम झाला नाही, कारण मैफलींची कमाई तारणात नव्हतीच.

मग बोवीला हे सगळं आधी दिसलं होतं का? इंटरनेटमध्ये त्याला खरोखर रस होता. १९९६ मध्ये त्याने एक गाणं डाउनलोडसाठी दिलं, १९९८ मध्ये स्वतःची इंटरनेट सेवा काढली, १९९९ चा अल्बम दुकानात येण्याआधी नेटवर विकला. २००२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सशी बोलताना तो म्हणाला की संगीत आता नळाच्या पाण्यासारखं किंवा विजेसारखं होणार. स्ट्रीमिंग आल्यावर हे वाक्य इतक्या वेळा उद्धृत झालं की तो भविष्यवेत्ताच ठरला. पण त्याच मुलाखतीत त्याने दुसरंही एक भाकीत केलं होतं, ते फारसं कुणी सांगत नाही. दहा वर्षांत कॉपीराइट नावाची गोष्टच उरणार नाही, अशी त्याला पक्की खात्री होती. तसं झालं असतं तर डिफ्राइजचा हिस्सा विकत घेणं हा त्याचा सगळ्यात महागडा मूर्खपणा ठरला असता. शिवाय हे बोलणं रोख्यांनंतर पाच वर्षांचं आहे. १९९७ मध्ये टेलिफोनच्या तारेवरून एक गाणं उतरवायला चहा-नाश्ता होईल एवढा वेळ लागायचा. त्या वेळी सीडीचा अंत पाहून त्याने रोखे काढले असं म्हणायला माझ्या मते काहीच आधार नाही. वेळ अचूक साधली गेली ती नशिबाने. धोका दुसऱ्याच्या डोक्यावर टाकण्याचं शहाणपण मात्र व्यवहाराच्या रचनेतच होतं, त्याला भविष्य कळावं लागत नाही.

२००७ मध्ये शेवटचा हप्ता फिटला. एकदाही थकबाकी झाली नाही, आणि सगळे हक्क विनाबोजा बोवीकडे परत आले. गंमत अशी की त्याच वर्षी ईएमआय कंपनी टेरा फर्मा या गुंतवणूक संस्थेने कर्ज काढून विकत घेतली, ते कर्ज तिला झेपलं नाही, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये सिटीग्रुप बँकेने ईएमआय ताब्यात घेतली. रॉक गायकाच्या पतमानांकनाला आधार म्हणून जिची हमी घेतली होती ती बडी कंपनीच कर्जापायी बँकेच्या हाती गेली. गायकाने पै न पै चुकती केली.

बोवी १० जानेवारी २०१६ ला गेला, शेवटचा अल्बम आल्यानंतर दोन दिवसांनी. जानेवारी २०२२ मध्ये त्याच्या वारसांनी गाण्यांचे लेखनहक्क वॉर्नर चॅपेल कंपनीला विकले. किंमत पंचवीस कोटी डॉलरच्या घरात असल्याचं छापून आलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कॉन्कॉर्ड या संगीत कंपनीने दहा लाखांहून अधिक गाण्यांच्या हक्कांवर १८० कोटी डॉलरचे रोखे काढले. बांधणी ओळखीचीच, जुन्या गाण्यांची कमाई तारण. फक्त इथे कर्जदार कंपनी होती, आणि ती गाणी लिहिणाऱ्यांपैकी कुणाची सही त्या कागदांवर लागत नव्हती.